जुन्या बँडचा नवा, अनोळखी अल्बम : ऐकणाऱ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

मालवणात आमच्या घराच्या माडीवर पावसाळ्यात दहा-पंधरा जण अल्बम ऐकायला जमतात. एका बैठकीला एकच अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये बोलणं नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे ट्रॉलरवर जाणारेही दोघे-तिघे येतात. सध्या आम्ही ऐकतो ते जुन्या, नाव कमावलेल्या रॉक बँडनी आपली वाट सोडून केलेले अल्बम. बैठक संपली की फोनवर, बाजारात, जेटीवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. सगळ्यात जास्त विचारणा होते ती लो या अमेरिकन बँडच्या २०१८ सालच्या ‘डबल निगेटिव्ह’बद्दल. त्यामुळे इथेही तोच जास्त येईल.

१. ‘प्रयोगशील अल्बम’ म्हणजे नेमकं काय? नवीन वाद्य आणलं की झाला प्रयोग?

नाही. गिटारच्या जोडीला चार व्हायोलिनं बसवली तर ती सजावट झाली. बँड ज्या गोष्टीवर उभा आहे तिलाच त्याने हात घातला, तर मी त्याला प्रयोग म्हणतो. रेडिओहेड तीन गिटारींचा बँड म्हणून ओळखला जायचा. ऑक्टोबर २००० मध्ये ‘किड ए’ आला तेव्हा त्यात बऱ्याच ठिकाणी गिटार ऐकूच येत नव्हती. तिच्या जागी सिंथेसायझर होता, आणि ओन्द मार्तनो नावाचं १९२८ पासूनचं फ्रेंच विद्युत-वाद्य. टॉक टॉक हा ब्रिटिश बँड सिंथेसायझरवरच्या नाचत्या गाण्यांनी गाजला. १९८८ च्या ‘स्पिरिट ऑफ ईडन’साठी त्यांनी जवळजवळ अंधारातल्या स्टुडिओत वादकांना तासन्‌तास मोकळं वाजवू दिलं आणि त्यातले मोजके तुकडे निवडून जोडले. त्या अल्बममध्ये सगळ्यात जास्त जागा शांततेला आहे.

२. ज्याने नाव झालं, पैसा आला, तेच सोडायचं कशाला?

प्रत्येक बँडचं कारण वेगळं. बीटल्सचं अगदी व्यवहारी होतं. ऑगस्ट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर त्यांनी दौरे थांबवले. केलेलं गाणं मंचावर वाजवून दाखवायची अट संपली आणि पुढचा अल्बम करायला त्यांनी नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंतचा काळ स्टुडिओत घालवला.

यू टूची गोष्ट जास्त खडतर आहे. ‘द जोशुआ ट्री’ने (१९८७) त्यांना जगभर नेलं. पुढच्या अल्बमवर मात्र टीका झाली. ऑक्टोबर १९९० मध्ये चौघे बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेले. गायक आणि गिटारवादकाला नवा, यंत्रांचा आवाज हवा होता. ड्रमवाला आणि बेसवाला त्याला राजी नव्हते. बँड फुटायची वेळ आली होती. एका फसत चाललेल्या गाण्याच्या तालमीत अचानक काही स्वर जुळले, त्यातून ‘वन’ आलं आणि गाडी पुढे सरकली. १९९१ चा ‘अख्तुंग बेबी’ तो हाच.

माझ्या मते या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असते. हात सवयीने चालायला लागले की ज्याचं त्यालाच आधी कळतं. टाळ्या येतच असतात, पण वाजवणाऱ्याला आपल्या पुढच्या स्वराची उत्सुकता उरलेली नसते. अशा वेळी सवय मोडणं हा कामाशी राखलेला प्रामाणिकपणा आहे. त्यात गर्व आहे असं मला वाटत नाही.

३. लो हा बँड कोण? आम्ही कधी नावही ऐकलं नव्हतं.

अमेरिकेच्या उत्तरेला लेक सुपीरियर या समुद्रासारख्या तळ्याच्या काठी डुलुथ नावाचं बंदर आहे, हिवाळ्यात गोठणारं. ॲलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर हे तिथलं जोडपं. तो गिटार वाजवायचा, ती ड्रम, आणि गायचे दोघेही. १९९३ मध्ये बँड सुरू झाला. तेव्हा सगळीकडे कर्कश, जोरकस रॉक चालायचं. यांनी उलट केलं : अतिशय संथ लय, हळू आवाज, दोन गळ्यांचा मेळ. मिमी उभी राहून वाजवायची, पुढ्यात एखाद-दुसरा ड्रम आणि झांज, हातात बहुतेक वेळा ब्रश. पंचवीस वर्षं हीच त्यांची ओळख होती. त्यांच्यासोबतचे बेसवादक बदलत गेले, हे दोघे कायम राहिले.

४. अल्बम लावला आणि स्पीकर फाटल्यासारखी खरखर सुरू झाली. स्पीकर गेला, की फाइलच खराब आहे?

हा प्रश्न ‘डबल निगेटिव्ह’च्या प्रत्येक बैठकीनंतर येतो. विचारण्यात काही चूक नाही, कारण आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत स्पीकर खरोखरच जातात. कोनाच्या कडेचा फोम कुजतो, जोडणीच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून मागची वायर काढून पुसली होती.

तपासायचं असं. तुमच्या ओळखीचं, स्वच्छ ध्वनिमुद्रणाचं एखादं गाणं त्याच स्पीकरवर, तेवढ्याच आवाजात लावा. मी लताबाईंचा एखादा अभंग लावतो, त्यात कुठे लपायला जागा नसते. तो स्वच्छ आला तर स्पीकर ठीक आहे. तरी शंका राहिली तर डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. खरखर त्याच स्पीकरमधून येत राहिली तर दोष स्पीकरचा, बाजू बदलून दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर वायरीच्या मागे, यंत्रात किंवा मुद्रणात. आणखी एक खूण आहे. बिघडलेला स्पीकर ठरावीक स्वरांवर, कसाही खरखरतो. ‘डबल निगेटिव्ह’मधली खरखर मात्र तालात येते. पहिल्याच गाण्यात, ‘कोरम’मध्ये, ती श्वासासारखी आत-बाहेर होते आणि तिच्या आडून दोन गळे येतात. नीट कान दिला की कळतं, ही खरखर कोणीतरी बसून, मोजून, जागच्या जागी लावली आहे.

फाइल खराब नाही. अल्बम असाच आहे.

५. इतके सुंदर गळे असताना ते मुद्दाम का बिघडवायचे?

आधी ते करतात कसं ते सांगतो. आवाजाची पातळी यंत्राच्या कुवतीपलीकडे नेली की ध्वनिलहरीची टोकं छाटली जातात, आणि ती छाटलेली टोकं आपल्याला फाटका आवाज म्हणून ऐकू येतात. दुसरी युक्ती अशी की एक आवाज उठला की दुसरा आपोआप दबेल अशी जोडणी करायची. ताल पडला की गळा बुडतो, ताल सरला की गळा वर येतो. रेडिओ स्टेशन नीट लागत नसताना होतं तसं. बँडने निर्माता बी. जे. बर्टन याच्याबरोबर विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेर गावी हे काम केलं. त्याच्याबरोबर २०१५ चा ‘वन्स अँड सिक्सेस’ झाला होताच, म्हणजे चाहूल आधी लागली होती.

आता का, ते. दुसरं गाणं ‘डान्सिंग अँड ब्लड’ घ्या. खाली एक जड ठोका आहे, सतत. आमच्यातला एक ट्रॉलरवाला ते ऐकून म्हणाला, रात्री फळीवर झोपलो की खालून इंजिन असंच ऐकू येतं, कानाला नाही, बरगडीला. त्या ठोक्यावर मिमीचा आवाज येतो आणि मध्येच विरून जातो. मग तिसरं गाणं, ‘फ्लाय’. तिथे तिचा आवाज वर चढतो आणि इतका वेळ धुरातून चालल्यावर तो मोकळा वाटतो. सगळाच अल्बम स्वच्छ असता तर तो क्षण कानावरून निघून गेला असता. आधी हरवू दिलंय, म्हणून सापडल्याचं सुख आहे. शेवटचं ‘डिसअरे’ ऐकताना तर वाद्यांचे नुसते तुकडे उरलेले असतात, आणि दोघांचे गळे मात्र १९९४ च्या पहिल्या अल्बमसारखेच एकमेकांना धरून असतात. म्हणून मला हा अल्बम मोडतोड वाटत नाही. भोवतालचं सगळं काढून घेतल्यावर या बँडमध्ये काय उरतं, ते त्यांनी ऐकवलं आहे.

६. ह्येका गाणां म्हणतत काय? आमचो भजनी बुवा ह्येच्यापेक्षा बरो.

बुवा बरेच आहेत, त्यात वादच नाही. पण डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, आपण कशासाठी जातो ते आठवा. रूपावली, अभंग, गौळण, गजर हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. तरी रात्रभर बसतो, कारण समोरच्या बुवाला उत्तर देताना आपला बुवा ठरलेल्या चालीतून कुठे बाहेर पडतो आणि परत कसा येतो, ते बघायचं असतं. दशावतारातही तेच आहे. आधी गणपती, सरस्वती, संकासुर हे सगळं ठरल्याप्रमाणे होतं. मग आख्यान सुरू झालं की लिहिलेली संहिता नसते. दोन कसलेले नट समोरासमोर उभे राहून बोलणं जागेवर रचतात, आणि पायपेटी नि पखवाज त्यांच्या मागे धावतात. जुनाजाणता राजपार्टी नट (राजाचं काम करणारा) एखाद्या रात्री भलतंच वळण घेतो तेव्हा ज्याने त्याला वीस वर्षं पाहिलंय त्यालाच त्याची मजा येते.

म्हणजे कान तुमच्याकडे आहेत. ते इथे लावायचे एवढंच. आणि एकाच सुरावर सगळं उभं करायचं तर आपल्याला नवं नाही. बीटल्सच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये (१९६६) तंबोरा आहे, गाणं जवळजवळ एकाच षड्जावर उभं आहे, आणि त्यावर टेपचे जोडलेले तुकडे फिरतात. लंडनला ते अजब वाटलं. तंबोऱ्यावर वाढलेल्या माणसाला निदान अर्धं गाणं तरी ओळखीचं वाटतं.

७. शब्द कळत नाहीत. इंग्रजी कमी पडतं म्हणून असेल का?

नाही. ‘टेम्पेस्ट’मधले शब्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यालाही पहिल्या ऐकण्यात लागत नाहीत, इतका गळा चिरडला आहे. पहिल्यांदा शब्दांच्या मागे लागू नका. दुसऱ्यांदा ऐकताना ओळी समोर ठेवून वाचा. तिसऱ्यांदा कागद बाजूला ठेवा, तोवर कान स्वतःच शब्द उचलायला लागतात.

८. मोबाईलवर किंवा ट्रेनमध्ये ऐकलं तर चालेल का?

चालेल, थोडी तयारी करून. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर मात्र नको. प्रश्न ५ मधला तो जड ठोका त्यातून येतच नाही, आणि उरते फक्त खरखर. साधे वायरचे हेडफोन लावलेत तरी पुरे.

ट्रेनने जाणार असाल तर अल्बम घरून निघण्यापूर्वीच उतरवून घ्या. कोकण रेल्वेवर कुडाळ सोडल्यावर बोगद्यामागून बोगदे आहेत. रत्नागिरीच्या पुढचा करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे नेटवर्क जातं आणि गाणं मध्येच तुटतं. या अल्बमची गाणी एकमेकांत शिरतात, म्हणून ॲपमध्ये दोन गाण्यांमधलं अंतर शून्य ठेवा, एक गाणं विरत दुसरं चढवण्याची सोय बंद करा आणि गाणी उलटसुलट लागणार नाहीत हे बघा. आवाज फार चढवू नका. मुद्रणातच तो चढलेला आहे, कान दुखतील. गाडी चालवताना ‘डबल निगेटिव्ह’ नको. घाटात इंजिनाचा बिघाड समजून दोघांनी गाडी बाजूला घेतल्याचं मला सांगितलं आहे.

९. तीनदा ऐकलं, तरी नाही आवडलं. अजून किती?

तीनदा पुरे. फक्त ती तीन ऐकणी सलग दिवशी नकोत, मध्ये आठवडा जाऊ द्या, आणि प्रत्येक वेळी अल्बम पूर्ण ऐका. पाऊण तासाहून थोडा जास्त आहे तो. तरीही मन लागलं नाही तर सोडून द्या, अपराधी वाटून घेऊ नका. मला स्वतःला ‘किड ए’ पहिल्या वर्षी परका वाटला होता. एका पावसाळ्यात वीज गेलेली असताना बॅटरीवर ऐकला, तेव्हा तो उघडला. दर वेळी असं होतंच असं मात्र नाही.

१०. बँडचे आधीचे अल्बम ऐकून मग इकडे यावं, की थेट?

इथे माझं मत ठाम आहे : आधीचा निदान एक ऐकाच. कुठली सवय मोडली हे माहीत नसेल तर मोडल्याचं काय ऐकणार? लोसाठी क्रम असा ठेवा : १९९४ चा ‘आय कुड लिव्ह इन होप’, २००१ चा ‘थिंग्स वुई लॉस्ट इन द फायर’, मग ‘डबल निगेटिव्ह’ आणि त्यानंतर २०२१ चा ‘हे व्हॉट’. शेवटच्यात गिटार तशीच फाटकी आहे, पण दोन्ही गळे अगदी पुढे, स्वच्छ ठेवले आहेत. वेळ कमी असेल तर पहिला आणि तिसरा ऐका.

अपवाद टॉक टॉकचा. त्यांची सुरुवातीची गाणी ऐकून ‘स्पिरिट ऑफ ईडन’कडे आलेले लोक हिरमुसतात. तो थेट ऐकलेला बरा.

११. विचित्र आहे म्हणजे चांगलंच आहे, असं तुमचं म्हणणं दिसतं.

मुळीच नाही. रोलिंग स्टोन्सने डिसेंबर १९६७ मध्ये ‘देअर सॅटॅनिक मॅजेस्टीज रिक्वेस्ट’ काढला. त्याच वर्षी आलेल्या, प्रश्न २ मधल्या बीटल्सच्या अल्बमची छाया त्यावर स्पष्ट दिसते. एक-दोन गाणी मला आवडतात, बाकीचा अल्बम उसना वाटतो. पुढच्याच वर्षी ‘बेगर्स बँक्वेट’मध्ये ते आपल्या मुळाकडे, ब्लूजकडे परतले आणि पुन्हा दणकट वाटले. मेटॅलिका बँडने लू रीड या गायकाबरोबर केलेला ‘लुलू’ (२०११) मी दोनदा पूर्ण ऐकला. तिथे बँड एका खोलीत आणि गायक दुसऱ्या खोलीत असल्यासारखं वाटतं.

माझी कसोटी साधी आहे. सगळा नवा साज काढून टाकला तर खाली त्याच माणसांचे हात ऐकू येतात का? लोमध्ये येतात, यू टूमध्ये येतात. स्टोन्सच्या त्या अल्बममध्ये मला दुसऱ्याच कोणाचे तरी ऐकू येतात.

१२. कंपन्या असले अल्बम काढायला तयार होतात?

नेहमी नाही. शिकागोच्या विल्को बँडने ‘यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ पूर्ण केला आणि २००१ मध्ये रिप्रीज या कंपनीने तो नाकारला. बँडने हक्क घेऊन बाहेर पडून अल्बम इंटरनेटवर फुकट ऐकायला ठेवला. एप्रिल २००२ मध्ये नॉनसच कंपनीने तो बाजारात आणला आणि तो त्यांचा तोवरचा सगळ्यात खपलेला अल्बम ठरला. रिप्रीज आणि नॉनसच या दोन्ही कंपन्या तेव्हा एकाच मालकाच्या होत्या, म्हणजे एकाच घराने त्यासाठी दोनदा पैसे मोजले.

१३. आपल्याकडच्या कुठल्या जुन्या बँडने असं काही केलंय?

इंडियन ओशन. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेला बँड. त्यांचा ‘कंदिसा’ (२०००) बऱ्याच जणांकडे असेल. त्यातलं शीर्षकगीत सिरियन ख्रिश्चनांच्या ॲरामेइक प्रार्थनेवर आहे आणि ‘मा रेवा’ नर्मदेचं. डिसेंबर २००९ मध्ये त्यांचा तबलावादक-गायक अशीम चक्रवर्ती गेला. पुढच्या वर्षी त्यांनी ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम महिन्याला एक गाणं असा इंटरनेटवर फुकट दिला. नाव म्हणजे दिल्लीतल्या करोल बागेतल्या त्यांच्या तालमीच्या घराचा पत्ता. २०१४ च्या ‘तांडनू’मध्ये प्रत्येक गाण्यात एक पाहुणा कलाकार बोलावला, त्यात शुभा मुद्गल आहेत, शंकर महादेवन आहेत. त्यांच्या आवाजात मोडतोड नाही, पण घडी बसलेल्या बँडने दर गाण्यात परक्याला घरात घ्यायचं, हे धाडस मला कमी वाटत नाही.

मुंबईच्या रॉक मशीनने १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड केलं आणि आपला भारतीयपणा संगीतात आणायला सुरुवात केली. तेही या रांगेतलेच.

१४. रेकॉर्ड घेऊन ठेवू का? पावसात बुरशी येते.

येते. रेकॉर्ड उभ्या ठेवा, भिंतीला टेकवून नको. चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते. आतली कागदी पिशवी काढून प्लॅस्टिकची घाला, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि उघडीप मिळाली की कपाट उघडं टाका. हापूसच्या रिकाम्या पेटीत रेकॉर्ड मापात बसतात म्हणून बरेच जण ठेवतात. ते करू नका, पेंढा ओल ओढतो.

१५. एकट्याने केलेला अल्बम बँडच्या यादीत धरता का? आणि लोचा पुढचा अल्बम कधी?

लोचा पुढचा अल्बम येणार नाही. मिमी पार्कर ५ नोव्हेंबर २०२२ रोजी कर्करोगाने गेली आणि बँड तिथेच थांबला.

साधारणपणे एकट्याचे अल्बम आम्ही बैठकीत घेत नाही. लू रीडचा १९७५ चा ‘मेटल मशीन म्युझिक’ म्हणजे तासाभराचा नुसता गिटारच्या फीडबॅकचा (स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरून होणाऱ्या किंचाळीचा) गोंगाट. त्याबद्दल बरेच जण विचारतात, पण त्यामागे बँड नाही, म्हणून तो बाजूला ठेवला आहे. एकच अपवाद केला : ॲलनचा २०२४ चा ‘व्हाइट रोझेस, माय गॉड’. ड्रम मशीन, सिंथेसायझर, आणि त्याचा गळा यंत्रातून इतका उंच नेलेला की तीस वर्षं ऐकलेला माणूस ओळखू येत नाही. ‘डबल निगेटिव्ह’मध्ये खरखरीच्या आड दोन माणसं असतात. इथे एकच आहे, आणि त्यानेही स्वतःचा आवाज जसाच्या तसा ठेवलेला नाही. त्या दिवशी बैठक संपल्यावर बराच वेळ कोणी दिवा लावला नाही.

हा अल्बम सुटा लावत नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी ‘डबल निगेटिव्ह’ आणि हा, दोन्ही लागोपाठ ऐकायच्या तयारीने यावं. दोन्ही मिळून दीड तासाच्या आत संपतात, आणि मधल्या वेळात चहा असतो.